करपलेला पाव

मे महिन्यात बडोद्याला माझ्याकडे येणारी भाची ज्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या बरोबर आणते, त्यांच्याकडे मी बरीच वर्षे निव्वळ मावशीच्या नजरेने पाहत आले: भविष्यातले एक जुलमी राज्य, त्यात सोळा वर्षांची एक मुलगी, तिच्यावर जीव टाकणारे दोन मुलगे, आणि राज्य उलथायचे सोडून यांना पडलेले असते कोणाला निवडायचे याचे. मात्र यंदा एका दुपारी २००८ सालचे ‘द हंगर गेम्स’ सहज उघडले आणि संध्याकाळचा स्वयंपाक राहून गेला.

मला धरून ठेवले ते पावाने. त्या देशाचे नावच पानेम, म्हणजे लॅटिनमध्ये भाकरी. लोकांना भाकरी आणि खेळ दिले की ते गप्प बसतात, या जुव्हेनल नावाच्या रोमन कवीच्या टोमण्यातून आलेले. जीवघेण्या खेळाच्या सोडतीत बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची नावे जातात आणि गरिबाच्या पोराला आपली एकेक चिठ्ठी वाढवून त्या बदल्यात एका माणसाचे वर्षभराचे, तेही बेताचेच, धान्य आणि तेल मिळवता येते. नायिकेच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झालेल्या आहेत. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच भटारखान्यातला मुलगा पाव मुद्दाम करपवतो, त्यापायी आईचा मार खातो आणि पावसात उपाशी बसलेल्या तिच्याकडे ते पाव फेकतो, तेव्हा त्या प्रेमाचे वजन आपल्याला नेमके कळते. तिच्या भागात तर नवे जोडपे आपल्या घरात पहिली चूल पेटवून त्यावर पावाचा तुकडा भाजते, आणि तोवर लग्न झाल्यासारखे कोणाला वाटत नाही; आपल्याकडच्या घास भरवण्याचीच ही सख्खी बहीण.

या धर्तीच्या पुष्कळ कादंबऱ्यांत मात्र लेखक नाव-गाव-फळ-फूल खेळल्यासारखा शहरे, गट आणि गणवेश यांची नावे सांगत सुटतो आणि प्रेम पाहुण्यासारखे नंतर येते. मांडवीजवळच्या आमच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपावा म्हणून. तपशील कथेत असा झिरपायला हवा; नुसती काच दाखवून काय उपयोग?

“मग मावशी, शिकारी की पाववाला?” भाचीने विचारले. शिकारी म्हणजे नायिकेबरोबर रानात शिकार करणारा तिचा मित्र, दोघांतला दुसरा. मी त्याच्या बाजूने दोन शब्द बोलून पाहिले, पण मनापासून नाही.

त्या रात्री बाहेरून सेव-उसळ आणली आणि पाव घरीच तव्यावर गरम केले. बोलण्याच्या नादात एकाची कड चांगलीच काळी झाली. एरवी नाक मुरडणाऱ्या भाचीने तो चिमट्याने उचलला आणि गालातल्या गालात हसत माझ्या ताटात टाकला.