साताऱ्यातला डॉब्सन आणि डोक्यावरची रोहिणी

घरी सहा इंची परावर्तक दुर्बीण करायची म्हटलं की सगळी चर्चा आरसा घासण्याची. १५० मिमी व्यास, १२०० मिमी नाभीय अंतर, म्हणजे एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट). एवढ्यात नीट गोलीय आरसाही (पॅराबोलिक न केलेला) चालून जातो. साताऱ्यात घाम काढतो तो स्टँड.

आपला अक्षांश १७.७, त्यामुळे ध्रुवतारा जेमतेम १८ अंश वर. विषुववृत्तीय स्टँडचा (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो) अक्ष इतका आडवा पडला की तोलाची वजनं तिवईच्या पायाला थडकतात. म्हणून प्लायच्या पेटीचा डॉब्सन बरा, म्हणजे तळपाटावर गोल फिरणारी पेटी आणि तिच्यात वर-खाली झुलणारी नळी. पण त्याची दुखरी जागा नेमकी खमध्य (थेट डोक्यावरचा बिंदू), आणि रोहिणी हा तारा इथे खमध्यापासून सव्वा अंशावरून जाते. वृषभ-मिथुनेतला गुरूही माथ्यावरच. तारा एरवी मिनिटाला पाव अंश सरकतो. रोहिणी माथ्यावर असताना तळपाट मिनिटाला अकरा-बारा अंश फिरवावा लागतो. त्यात नळी उभी असल्याने हाताला तरफ उरत नाही. ४५ अंशांवर नळीचं तोंड पेटीच्या उभ्या अक्षापासून अर्धा मीटर लांब असतं, उभ्या नळीची कड फक्त १० सेंमी. जोर पाचपट. मग तारा गचके देत पळतो.

बॉल बेअरिंग लावायचा मोह टाळा, यवतेश्वरच्या डोंगरावरच्या वाऱ्यात नळी भिरभिरेल. पेटीखालचे, ज्यांच्यावर ती फिरते ते टेफ्लॉनचे तीन तुकडे थोडे आत घ्या (फार आत घेतलेत तर पेटी डुलते), मधल्या बोल्टवर प्लास्टिकच्या पातळ चकत्या घालून थोडं वजन तिथे येऊ द्या, आणि नळीला फूटभर आडवा दांडा लावा. टेफ्लॉनवर घासणारी सनमायका दाणेदारच हवी. दुकानदार चकचकीत पुढे करतो. तिच्यावर टेफ्लॉन चिकटतो आणि सुटला की उडी मारतो.

पेटीची उंची बहुतेकांची चुकते. कण्यापासून (नळी ज्यावर वर-खाली झुलते तो आडवा अक्ष) नळीचं बूड ४०० मिमी आणि नळीचा व्यास २०० असेल, तर नळी उभी धरून माप घेऊ नका. बुडाचा कोपरा कण्यापासून ४१२ मिमीवर असतो, तो ७६ अंशांवर तळाला घासतो. कणा तळापासून ४३० मिमीवर ठेवा.

तोल शेवटी, फोकसर (नेत्रिका धरणारा भाग) आणि शोधक (नेम धरायची छोटी दुर्बीण) बसवल्यावर. कण्यापासून ७० सेंमीवर ३०० ग्रॅमची नेत्रिका चढवली की नळी मान टाकते. बुडाकडे ३५ सेंमीवर ६०० ग्रॅम हवेत. जुने नट कापडी पिशवीत भरून वेल्क्रोने लावले की नेत्रिकेप्रमाणे कमी-जास्त करता येतात.