नळीला नावं ठेवण्याआधी गेज बघा

वैशाख लागला की अमळनेर-पारोळ्यापासून रावेर-यावलपर्यंत एकच तक्रार कानावर येते: "भाऊ, ठिबक चोक व्हयनं." केळीची पानं भर दुपारी मिटायला लागतात, ओळीतली काही झाडं मागे पडतात आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी ॲसिडचा कॅन घेऊन हजर होतो. पुष्कळदा ड्रीपर, म्हणजे नळीतून थेंब सोडणारं तोंड, बिचारा साफ असतो. पाणी अडलेलं असतं फिल्टरपाशी, नाहीतर मुळात विहिरीतच आटलेलं असतं.

म्हणून आधी हिशोब. केळी ५ बाय ५ फुटांवर लावली तर एकरात साधारण १,७४० झाडं बसतात. दर ५ फुटांवर एक नळी धरली की एकराला २,६५० मीटर नळी लागते. तिच्यात दर ५० सेंटिमीटरवर ताशी ४ लिटरचा इनलाइन (नळीच्या आतच बसवलेला) ड्रीपर असेल तर झाले ५,३०० ड्रीपर, म्हणजे तासाला सुमारे २१,२०० लिटर पाणी. पंप तेवढं देत असेल तरच एक एकर एका वॉल्व्हवर नीट चालेल.

पंपाचं पाणी मोजायला २०० लिटरचा ड्रम आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. ड्रम ३६ सेकंदांत भरला तर तासाला २०,००० लिटर, पूर्ण मिनिट लागलं तर १२,०००. एक चूक मात्र सगळेच करतात: पाइपाचं तोंड मोकळं सोडून मोजतात. मोकळ्या तोंडाने पंप नेहमीपेक्षा जास्त पाणी फेकतो. फिल्टरनंतरच्या गेजवर (दाब दाखवणाऱ्या काट्यावर) १ ते १.५ किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला) दिसेल इतका वॉल्व्ह आवळा आणि मग ड्रम भरा. तो आकडा खरा.

आता समजा मृगबाग (जून-जुलैची केळी) लावताना पंप २१,००० लिटर देत होता आणि एप्रिलमध्ये पातळी खाली गेल्यावर १२,००० वर आला. तेच पाणी ५,३०० ड्रीपरमध्ये वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन लिटर येतं. साध्या ड्रीपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दाब निम्मा झाला तर पाणी ७० टक्क्यांवर येतं. उलट्या बाजूने बघितलं तर ४ लिटरचा सव्वादोन होण्यासाठी दाब १ किलोवरून ०.३ किलोवर आलेला असतो. एवढ्याशा दाबात जरा उंचावरच्या नळ्या कोरड्याच राहतात आणि माणूस म्हणतो, चोक झालं. इथे ॲसिडचा काडीचा उपयोग नाही. एकराचे दोन वॉल्व्ह करा, अर्धा-अर्धा एकर पाळीने चालवा. विजेचे तास मोजकेच मिळतात, तेव्हा वेळेची ओढाताण होईल हे खरं, पण प्रत्येक झाडाला सारखं पाणी तरी मिळेल.

हे सगळं कळण्यासाठी फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन प्रेशर गेज हवेत. बहुतेक ठिकाणी बसवलेले असतात, पण काच फुटलेली आणि काटा शून्यावर गंजलेला. नवं गेज फार महाग नसतं, ते आधी बदला. दोन्ही गेजांत ०.२ ते ०.३ किलोचा फरक असेल तर फिल्टर साफ आहे. फरक ०.५ च्या वर गेला की फिल्टर धुवायची वेळ झाली. दोन्ही काटे सारखेच खाली असतील तर दोष पंपात, पाण्यात, व्होल्टेजमध्ये किंवा फुटलेल्या मेनलाइनमध्ये आहे. दोन्ही काटे नेहमीपेक्षा वर आणि वावरात मात्र पाणी कमी, असं असेल तेव्हाच ड्रीपरवर संशय घ्या. त्याआधी सबमेनचा (मेनलाइनमधून नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाचा) वॉल्व्ह अर्धवट बंद राहिला नाही ना, तेवढं बघा.

फिल्टर धुणं म्हणजे झाकण उघडून हात फिरवणं नव्हे. सँड फिल्टर उलट्या दिशेने, बॅकवॉशनेच धुवायचा आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटं, चालू ठेवायचा. हंगामात एकदा झाकण उघडून वाळू बघा. वरचा थर पापडासारखा घट्ट झाला असेल किंवा वाळूत भोकं पडली असतील तर पाणी त्या भोकांतून न गाळताच खाली जातं. वाळू कमी झाली म्हणून तापी-गिरणेची आणून टाकू नका. नदीची वाळू गोल, लहानमोठी आणि मातकट असते. फिल्टरला एकाच मापाची, कोनेदार, धुतलेली वाळू लागते.

पुढच्या जाळीच्या फिल्टरमध्ये वाळूचे कण दिसले तर सरळ समजा की सँड फिल्टरच्या तळातली एखादी कॅन्डल (वाळू अडवून पाणी सोडणारी जाळीदार नळी) फुटली आहे. ती बदलल्याशिवाय जाळी कितीही धुतली तरी दोन दिवसांत तेच. जाळी साधारण १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) असते. ती मऊ ब्रशने धुवायची आणि उजेडासमोर धरून फाटली आहे का बघायचं. दोन्ही टोकांचे रबर वायसर जागेवर बसले नसतील तर गाळ जाळीला वळसा घालून थेट नळीत जातो, आणि गेज मात्र 'सगळं उत्तम' दाखवत राहतं! फिल्टरमध्ये फरक अचानक शून्य झाला तर आनंद मानू नका, जाळी काढून बघा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या खोल ट्यूबवेलांमधून वाळू येते. तिथे सँड फिल्टरच्या आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारं भांडं) हवाच, आणि त्याच्या खालच्या डब्यातली वाळू रोज सोडायला हवी. शेततळ्याचं पाणी असेल तर वाळूऐवजी शेवाळ. त्यासाठी फूटवॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड) तळाशीही नको आणि पृष्ठभागावरही नको. रिकाम्या सीलबंद कॅनला बांधून तो पाण्याखाली दोन-तीन फुटांवर तरंगता ठेवा.

आता वावरात. सबमेनवरची पहिली, मधली आणि शेवटची नळी घ्या. प्रत्येकीवर सुरुवातीचा, मधला आणि टोकाचा ड्रीपर, म्हणजे नऊ जागा. नळीखाली थोडं उकरून वाटी ठेवा आणि ३ मिनिटं पाणी धरा. ४ लिटरच्या ड्रीपरने ३ मिनिटांत २०० मिली द्यायला हवं. मोजायला सुई काढलेली मोठी सिरिंज चालते. नऊ आकडे कागदावर मांडले की दुखणं आपोआप दिसतं. सगळे सारखेच कमी असतील तर दाबाचा प्रश्न. प्रत्येक नळीच्या टोकालाच कमी असेल तर नळी फार लांब आहे किंवा टोकाला गाळ साचलाय. १६ मिमीच्या अशा नळीला साठेक मीटरच्या पुढे ओढलं की टोक मार खातंच. एकच नळी सुरुवातीपासून कमी असेल तर ग्रोमेटपाशी (सबमेनच्या भोकातल्या रबरी बुशापाशी) नळी मुडपलेली असते किंवा ड्रिलचा भुगा टेक-ऑफमध्ये (तिथे नळी जोडणाऱ्या तुकड्यात) अडकलेला असतो. आणि एक २००, शेजारचा ९०, पुढचा १८०, त्यापुढचा कोरडा, असं वेडंवाकडं चित्र असेल तर मात्र तो खरा चोकअप.

खरा चोकअप सापडला की एक कोरडा ड्रीपर नळीसकट कापून ब्लेडने उभा चिरा. आतल्या नागमोडी वाटेत काय आहे त्यावर औषध ठरतं. पांढरं, खरखरीत, नखाने न निघणारं असेल तर त्यावर ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसलं तर तो चुना. आपल्याकडचं विहिरीचं पाणी जड, त्यात ४५ अंशांचं ऊन आणि काळी नळी. पाणी बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी तापतं आणि गरम पाण्यातला चुना खाली बसतो. हाताला बुळबुळीत लागणारं, काळपट-हिरवट असेल तर शेवाळ आणि जिवाणू. त्यावर ॲसिड फारसं चालत नाही, तिथे क्लोरीन लागतं. नुसती बारीक माती असेल तर ना ॲसिड ना क्लोरीन, फ्लशिंग करा (टोकं उघडून जोरात पाणी सोडा) आणि फिल्टरकडे परत जा.

ॲसिडचं प्रमाण शेजाऱ्याला विचारून ठरत नाही, कारण त्याच्या विहिरीचं पाणी वेगळं. बादलीत आपलंच १० लिटर पाणी घ्या. त्यात बाजारात मिळणारं ३३ टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड एकेक मिली टाकत ढवळत राहा आणि पीएच कागदाने तपासा. सामू (पीएच) ४ वर आला की थांबा. जड पाण्याला १० लिटरमागे ८ मिलीच्या आसपास लागू शकतं. आपल्या एकराचा प्रवाह तासाला २१,००० लिटर, म्हणजे १५ मिनिटांत ५,२५० लिटर. लिटरमागे ०.८ मिली धरलं तर ॲसिड लागेल ४.२ लिटर. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये आधी १५-२० लिटर पाणी घ्या, मग त्यात ॲसिड हळूहळू ओता. ॲसिडवर पाणी कधीही ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल आणि पाठीवर वारा असू द्या. लेकरांना आणि जनावरांना तिथून लांब ठेवा.

व्हेंचुरी (ड्रममधलं औषध पाइपात ओढून घेणारा जोड) सँड फिल्टरच्या पुढे असते, तिथूनच सोडा, म्हणजे लोखंडी टाकीला ॲसिड लागत नाही. शेवटच्या नळीच्या टोकाचं पाणी कागदावर घ्या. तिथे सामू ४ दिसला की पंप बंद. रात्रभर, फार तर २४ तास तसंच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी फ्लश करा. आधी सबमेनचा फ्लश वॉल्व्ह, मग नळ्यांची टोकं, तीही एका वेळी पाच-सहाच. सगळी टोकं एकदम उघडली की पाण्याचा जोर विभागला जातो आणि सुटलेला चुना आतच राहतो. यात बहुतेकांची निराशा होते ती एका गोष्टीमुळे: पूर्ण बंद पडलेल्या ड्रीपरमधून ॲसिड जातच नाही, मग ते विरघळवणार काय? ॲसिड उपयोगी पडतं ते अर्धवट अडलेल्यांना. पूर्ण बंद असलेल्यांच्या शेजारी छिद्र पाडून ऑनलाइन (बाहेरून टोचायचा) ड्रीपर बसवा, नाहीतर तेवढा तुकडा बदला.

क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर चालते. १०,००० लिटर पाण्यात २० पीपीएम (लिटरमागे २० मिलिग्रॅम) करायचं तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतं. ३० टक्क्यांच्या पावडरचं ते होतं सुमारे ६६० ग्रॅम. पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर तिच्यात काही उरलेलं नसतं. ती आदल्या रात्री पाण्यात भिजवून वरचं निवळलेलं पाणीच घ्या. खालचा चुना गेला तर रोगापेक्षा औषध जड. ॲसिड आणि ब्लीचिंग एका ड्रममध्ये, एका दिवशी, अगदी न धुतलेल्या त्याच बादलीतसुद्धा एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. खतंही त्या दिवशी सोडायची नाहीत.

खतांचं म्हणाल तर बराचसा चोकअप आपणच ड्रममध्ये कालवलेला असतो. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० (फॉस्फरसचं विद्राव्य खत) एकत्र केलं की पांढरा साका झालाच. सल्फेटवाल्या खतांचंही तेच. एका बाटलीत दोन्ही चमचा-चमचा टाकून तासभर ठेवा, गढूळ झालं तर वेगवेगळ्या दिवशी द्या. पोटॅश पांढराच घ्या, लाल पोटॅशमधला लाल भाग विरघळत नाही. खत संपल्यावर १०-१५ मिनिटं साधं पाणी चालू ठेवा. वीज जायच्या शेवटच्या पाच मिनिटांत खत उरकलं तर ते रात्रभर नळीतच बसून राहतं.

वीज अचानक गेली की आणखी एक घोटाळा होतो. उताराच्या वावरात सबमेनमधलं पाणी खाली ओघळतं, वरच्या नळ्यांत पोकळी होते आणि चिखलात टेकलेला ड्रीपर तो चिखल आत ओढून घेतो. सबमेनच्या सगळ्यात उंच जागी एअर वॉल्व्ह असतो तो यासाठी. गळतो म्हणून त्याला बूच मारून ठेवलं असेल तर आजच काढा आणि आतला गोळा धुवा.

खार-उंदरांनी कुरतडलेली नळी चिंधी बांधून टिकत नाही. खराब भाग दोन्ही बाजूंनी सरळ कापा, टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि जॉइनर बसवा. काडी पेटवून तापवलं तर नळी पातळ होऊन पुढच्या दाबाला तिथेच सुटते. ग्रोमेटचं भोक मोठं झालं असेल तर त्याला बूच मारून वीतभर अंतरावर, ग्रोमेटच्या मापाच्याच बिटने, नवं भोक पाडा.

कांदा, हरभरा, भुईमुगावरच्या फवाऱ्यांनाही गेज लावून बघा. त्यांना २ ते ३ किलो दाब लागतो. दाब कमी असेल तर पाणी फुटत नाही, लांबवर एक ओलं कडं तयार होतं आणि फवाऱ्याभोवतीचा मधला भाग कोरडा राहतो. दाब फार झाला तर धुकं होऊन वाऱ्यावर जातं. फिरत नसलेल्या फवाऱ्यात तेल किंवा ग्रीस घालू नका. त्याची बेअरिंग पाण्यावरच चालते आणि ग्रीसला वाळू चिकटते. नोझल तारेने कोरलं की भोक मोठं होतं, काडी वापरा. जोडातून पाणी गळत असेल तर बहुतेक वेळा रबर रिंगच्या खाचेत माती असते. हंगाम संपला की पाइप उन्हात पडून राहिले तरी रिंगा काढून, धुऊन, पोत्यात घालून घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगा. तिथेही उंदीर नसतील याची खात्री करून घ्या.