कमानीला दोन कडा असतात: मापे काढतानाचा माझा अनुभव

दारावर विटांची चापाकार कमान बांधायची होती आणि नकाशावर तिची दोनच मापे दिलेली होती: गाळा, म्हणजे कमानीच्या दोन टोकांमधले आडवे अंतर, 1800 मिमी आणि मध्यावरची उंची 300 मिमी. गवंड्याला आणि सुताराला लागणारी उरलेली सगळी मापे या दोनांतून काढण्याचे काम माझ्याकडे आले.

त्रिज्या काढायला वेळ लागला नाही. अर्ध्या गाळ्याचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांच्या बेरजेला उंचीच्या दुपटीने भागायचे. म्हणजे 8,10,000 अधिक 90,000, भागिले 600, उत्तर 1500 मिमी. त्यामुळे वर्तुळाचे केंद्र कमान सुरू होते त्या आडव्या रेषेच्या 1200 मिमी खाली आले. 900, 1200 आणि 1500 ही काटकोन त्रिकोणाची 3, 4, 5 या प्रमाणातली मापे आहेत. हा निव्वळ योगायोग असला तरी मला तो फार उपयोगी पडला. कमान दोन्ही टोकांना ज्या तिरप्या बैठकीवर टेकते, तिचा उतार केंद्रातून निघणाऱ्या रेषेवरच असावा लागतो. इथे आडवे 3 आणि उभे 4 अशा लाकडी त्रिकोणाने तो कोनमापकाशिवाय आखता आला.

खरा विचार करावा लागला तो विटांचा. केंद्राशी होणारा कोन सुमारे 73.74 अंश, म्हणून आतल्या कडेची लांबी सुमारे 1930 मिमी. वीट 75 मिमी जाड आणि दोन विटांमधला मसाल्याचा सांधा 10 मिमी धरला, तर 22.7 विटा येतात. बरोबर मध्यावर एक वीट यावी यासाठी संख्या विषम हवी, म्हणून 23 घेतल्या आणि सांधा 9 मिमीवर आला. कागदावर एकच वक्ररेषा काढणाऱ्याचे काम इथे संपते. पण बांधकामातल्या कमानीला जाडी असते आणि तिच्या दोन्ही कडांच्या लांबीत फरक असतो. पूर्ण 230 मिमी जाडीची कमान केली असती तर बाहेरची कडा 2227 मिमी झाली असती आणि त्याच 23 विटांमधले सांधे बाहेरच्या बाजूला 22 मिमी रुंद झाले असते. एवढी मसाल्याची पाचर मला मान्य नव्हती. विटा निमुळत्या तासून घेणे हा एक उपाय होता. मी 115 मिमी जाडीची दोन कडी, म्हणजे विटांचे दोन चापाकार थर, एकावर एक घेण्याचा दुसरा निवडला. पहिल्या कड्यात बाहेरचा सांधा 15 मिमीवर आला, तर मध्ये 10 मिमी मसाला सोडून घेतलेल्या दुसऱ्या कड्यात 25 विटा बसल्या आणि सांधे पुन्हा आत 9, बाहेर 15 मिमी राहिले.

सेंटरिंगचा, म्हणजे बांधताना कमानीला खालून तात्पुरता आधार देणारा, साचाही याच नियमाने काढावा लागला. साच्यावर 12 मिमीचे प्लायवुड येणार असल्याने त्याची त्रिज्या 1488 मिमी होती, केंद्र मात्र तेच. त्यामुळे साच्याची उंची मध्यावर 288 मिमी झाली आणि तळाची रुंदी 1800 न राहता 1760 मिमी झाली. मूळ चाप नुसता 12 मिमी खाली सरकवून हे साधत नाही. 1220 मिमी रुंदीच्या फळीवर केंद्र मावत नव्हते, म्हणून मध्यापासून आडवे अंतर घेऊन तिथली उंची काढली: 300 मिमीवर 257.4 आणि 600 मिमीवर 161.7. मधले बिंदूही असेच काढून सुताराने लवचिक पट्टीने ते जोडले.

उंची गाळ्याच्या एक षष्ठांश असल्याने कमान तशी चपटीच होती. भार तोच ठेवून उंची निम्मी केली, तर बाजूंना ढकलणारा आडवा जोर साधारण दुप्पट होतो. म्हणून दोन्हीकडच्या भिंतींची तपासणी मी संरचना अभियंत्याकडून आधीच करून घेतली. चीनमधील सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या आन्जी पुलाचा दगडी चाप सुमारे 37 मीटर गाळ्याला जेमतेम 7 मीटर उंच आहे, आणि तरीही प्रमाणाने तो माझ्या कमानीपेक्षा उभट आहे.

पुढच्या दारासाठी लंबवर्तुळाकार कमान सुचवली गेली तेव्हा जाडीचा प्रश्न पुन्हा आलाच. लंबवर्तुळापासून सगळीकडे समान अंतरावर काढलेली रेषा स्वतः लंबवर्तुळ नसते आणि प्रत्येक सांध्याची दिशाही वेगळी काढावी लागते. मी तीन केंद्रांची, म्हणजे तीन वर्तुळांचे चाप जोडून केलेली कमान घ्यायला सांगितले: तिच्या प्रत्येक चापाच्या दोन्ही कडांचे केंद्र एकच असते आणि गवंडी दोरी धरून सांधे लावू शकतो.