तुम्ही विचारलंत म्हणून: तिसरा बार

मंगळवेढ्यात मला सगळे 'मेजर' म्हणतात. मी रिटायर झालो हवालदार म्हणून, 1985 साली. पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. चहावाला, कंडक्टर, बँकेतला शिपाई, कुणीच रँक विचारत बसत नाही. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. आता करत नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर एवढं प्रमोशन घ्यायला काय हरकत आहे!

तर ह्या मेजरला दर 15 ऑगस्टला शाळेत बोलावतात, शाल-नारळ देतात आणि एखादं पोरगं हमखास विचारतं, "आजोबा, लढाईत भीती वाटली नाही का?" मी म्हणतो, "नाही." टाळ्या पडतात. पहाटे रस्त्यावर भरतीसाठी 1600 मीटर पळणारी पोरंही धापा टाकत थांबतात आणि हेच विचारतात. त्यांनाही तेच उत्तर. यंदा कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता एका नव्या बाईंनी परत विचारलं, "मेजर, खरं सांगा ना." बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्या दिवशी सांगायला घेतलं असतं तर तुम्हाला हातात खुर्ची धरून तासभर उभं राहावं लागलं असतं.

आधी एका शब्दाबद्दल. सुरुंग. तुम्हाला सुरुंग म्हटलं की सिनेमातली लढाई दिसत असेल. आमच्या गावाकडं सुरुंग म्हणजे विहिरीचा. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला जी कोरडी गावं आहेत, त्यातलं एक माझं. तिथं खडक फोडल्याशिवाय पाणी लागत नाही, आणि फोडूनही लागेल असं नाही. पहारीनं भोक पाडायचं, दारू भरायची, वात सोडायची, वर माती ठासायची, वात पेटवायची आणि दोराला धरून वर यायचं. मिसरूड फुटायच्या आधी मी हे काम करत होतो. म्हणून 1968 साली खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनियर पलटणीत घेतलं तेव्हा उस्ताद जे शिकवायचे त्यातलं निम्मं मला घरचंच वाटायचं. फरक एवढाच की तिकडं सुरुंग जमिनीत पेरायचे आणि त्यावर दुसऱ्यानं पाय द्यायची वाट बघायची.

लढाईचं थोडक्यात सांगतो, कारण ती होतीच थोडकी. 3 डिसेंबर 1971 ला संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, 16 ला ढाक्यात त्यांचं सैन्य शरण आलं आणि 17 ला पश्चिमेकडंही तोफा थांबल्या. मी पश्चिमेला, पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागात. त्याच भागात बसंतर नदीपाशी सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 16 तारखेला पेटलेला रणगाडा न सोडता लढत राहिले आणि गेले. वय 21, माझ्याएवढंच. त्यांना परमवीरचक्र मिळालं, ते पोरांना पाठ असतं. तिथं सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाड्यांना वाट करून द्यायचं काम सॅपरांचं होतं, ते भाषणात कुणी घेत नाही. मी त्या रात्री बसंतरवर नव्हतो. आमची तुकडी दुसरीकडं होती. काम मात्र हेच.

भीती वाटायची की. पालथं पडून सळई तिरकी जमिनीत खुपसायची, सरळ नाही, तिरकी. काही लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची. मागं पांढरी फीत अंथरत यायची, म्हणजे पाठीमागचा माणूस त्या फितीच्या आत चालेल. तोंडाला कोरड पडायची, पण पुढं काय करायचं ते ठाऊक असायचं. शिवाय शेजारी दुसरा सॅपर असायचा, मागं सुभेदार साहेब, त्यांच्या मागं डॉक्टर.

शस्त्रसंधीनंतर सगळ्यांना वाटलं आता घरी. सॅपरला कुठलं घरी! आपणच पेरलेले सुरुंग काढायचे होते. जिंकलेला मुलूख परत द्यायचं सिमल्यात ठरलं, आणि फौजा पुरत्या मागं यायला 20 डिसेंबर 1972 उजाडलं. वर्षभर मी त्या शेतांत होतो. मालक पळून गेलेले, घरं ओस, पण विहिरींना पाणी. वीस-पंचवीस फुटांवर! आणि गावाकडून पत्र यायचं, मास्तरांच्या अक्षरात: विहीर आटली, खिल्लारी जोडी विकली, तुझी आई खडीवर जाते. शत्रूच्या विहिरीचं पाणी पिताना मला आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची विहीर आठवायची. ह्या गोष्टीला मेडल नसतं, म्हणून मी ती शाळेत सांगत नाही.

1973 च्या मार्चमध्ये रजा मिळाली. कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीनं पंढरपूर, तिथून एसटी. खिडकीबाहेर हिरवं असं काही नव्हतंच, बाभळीसुद्धा करड्या. मंगळवेढा म्हणजे मालदांडीची काळी रानं, ज्वारीचं कोठार. दुष्काळात बादशहाचं धान्य लोकांना वाटून टाकणाऱ्या दामाजीपंतांचं गाव. पण कोठार उघडायलाही कोठारात काही लागतं. लोक रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी खात होते. ज्वारी पिकवणाऱ्याला तो मिलो दळताना काय वाटत असेल ते तुम्हाला सांगून कळणार नाही. त्या भाकरीला चिकटपणाच नव्हता, थापताना कडा फाटायच्या.

गावात मला वाटलं लोक लढाईचं विचारतील. मी उत्तरं जुळवूनही ठेवली होती. एकानंही विचारलं नाही. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं पाणी किती परसावर लागतंय रं?" परस म्हणजे साधारण माणूसभर खोली. मी सांगितलं. मग कुणी काहीच बोललं नाही.

आई रस्त्याच्या कामावर होती. उन्हात बायांची रांग, प्रत्येकीपुढं दगडाचा ढीग, हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. त्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. आज पोरं ज्या रस्त्यांवर भरतीसाठी पळतात त्यातल्या कितीतरींच्या तळाला तेव्हाची खडी आहे. मी बूट काढून आईशेजारी बसलो आणि हातोडी घेतली. मुकादम म्हणाला, "फौजी, तुझं नाव मस्टरवर नाही." म्हटलं, तिच्या नावावर धरा.

आता विहिरीचं. अण्णांच्या डोक्यात एकच होतं: पोरगा सरकारात सुरुंगाचंच काम करतो, त्याच्या रजेत विहीर अजून अर्धा परस खाली न्यायची. विहीर सात परस खोल, तळाला ओल नाही. आम्ही दोघं आणि माझा चुलतभाऊ. चार दिवस पहार मारून तीन भोकं पाडली. दारू ठासणीची, जुनी, कुणाकडून तरी मागून आणलेली. मला ती पसंत नव्हती, पण अण्णांना कोण सांगणार. पाचव्या दिवशी दुपारी वाती पेटवल्या, मी वर आलो, बांधाआड बसलो.

एक बार झाला. दुसरा झाला. तिसरा झालाच नाही.

असं झालं तर काय करायचं, हे मला झोपेतही सांगता येतं. थांबायचं, निदान अर्धा तास. भोक उकरायचं नाही. मी हे अण्णांना सांगत होतो आणि ते ऐकतच नव्हते. त्यांचं म्हणणं, वात मधेच विझली असंल, जाऊन बघतो. मी म्हटलं, "मी जातो." तर म्हणाले, "तू सरकारचा माणूस. तुला काय झालं तर सरकारला काय सांगू?" आणि मी चुलतभावाला हाक मारेपर्यंत दोर धरून ते खाली गेले.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते. विहिरीच्या काठावर पोटावर पडून मी खाली बघत होतो. बापाचं पागोटं एवढंसं दिसत होतं, त्या भोकावर वाकलेलं. फीत नव्हती, सुभेदार नव्हता, डॉक्टर पंढरपूरला. माझ्या हाताला काही कामच नव्हतं. माझे पाय थरथरत होते ते चुलतभावानं पाहिलं, आणि तो पुढं आयुष्यभर कधी त्याबद्दल बोलला नाही, एवढा भला माणूस. मी ओरडलो, "अण्णा, हात लावू नका, नुसतं पाणी ओता, दारू भिजू द्या."

खालून आवाज आला, "पाणी कुठलं रं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाणी ओतून दारू मारायची हे पलटणीत ठीक असतं. आमच्या घरात त्या दिवशी एक हंडा होता, टँकरचा. पुढचा टँकर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घर रानातच, पन्नास पावलांवर. मी धावत गेलो. आई नुकतीच खडीवरून आली होती, तांब्या तोंडाला लावणार तेवढ्यात मी हंडा उचलला. तिनं काही विचारलं नाही. तांब्यातलंही माझ्या हंड्यात ओतलं. आम्ही बादलीनं ते खाली सोडलं आणि अण्णांनी सगळं त्या भोकात, वातीवर, आजूबाजूला ओतलं. दारूनं पाणी पिलं. अण्णा वर आले आणि बिडी पेटवायला लागले. मी ती काढून घेतली. कशासाठी ते मलाही कळलं नाही, विहीर तर आता भिजलेली होती. मी त्यांच्यावर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. ते हसले. "सात परसाच्या विहिरीत यंदा पहिल्यांदा पाणी पडलं," म्हणाले.

आमच्या इंजिनियर कोअरचं ब्रीद आहे 'सर्वत्र'. हे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं अण्णांची विहीर नसणार.

दुसऱ्या दिवशी हातभर बाजूला नवं भोक पाडून मी तो खडक उडवला. पाणी लागलं नाही. विहीर अजून आहे, आत एक बाभूळ वाढलीय. अण्णा 1990 साली गेले, म्हातारे होऊन, अंथरुणात.

त्या रात्री पीठ मळायला घरात थेंब नव्हता. शेजारच्या काकूंनी तांब्याभर दिलं, त्यांच्या घरातही तेवढंच होतं. दोन दिवसांनी टँकर आला तेव्हा आईनं भरलेला पहिला हंडा त्यांच्या दारात नेऊन ठेवला. काकू म्हणाल्या, "अगं, तांब्याच तर दिला होता." आई म्हणाली, "उरलेलं बाराचं."