आमची वाटचाल : हरिहरचा लेथ आणि वाड्यावरची मोटार

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप आहे. सिलिंडर बोरिंग, क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) ग्राइंडिंग, लाइनर बसवणं, थोडक्यात झिजलेलं इंजिन पुन्हा मापात आणणं, हे रोजचं काम. घर चालतं ते ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांवर. पण बेळगावात चार माणसं आम्हाला ओळखतात ती जुन्या मोटारींमुळे. बाहेरगावचा गिऱ्हाईक विचारतोच, "इकडे हे कसलं खूळ हो?" त्याला उत्तर द्यायचं तर किर्लोस्करांपासून सुरुवात करावी लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ साली त्यांनी आणि थोरल्या भावाने, रामुअण्णांनी, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. तिथून सायकली धाडायच्या, इथे रामुअण्णांनी विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. जर्मनीत कार्ल बेंझने मोटारीचं पेटंट घेतलं ते १८८६ साली. म्हणजे जग मोटारीच्या उंबरठ्यावर होतं आणि आपल्या गावात लोक दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकत होते. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात. तो नांगर खपेपर्यंत या भावांनी काय सोसलं असेल, ते धंदा करणाऱ्यालाच कळेल.

१९१० साली नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा गेली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचं माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात नावापुरता किर्लोस्कर रोड उरला, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. शिकल्यासवरल्या घरातल्या पोराने हात काळे केले तर अब्रू जात नाही, हे या गावाने त्यांच्याकडे बघून मान्य केलं. आजच्या फाउंड्र्या, हायड्रॉलिक्सवाले, आमच्यासारखे टर्नर, सगळ्यांनी त्याच शिदोरीवर खाल्लं.

आमच्या आजोबांनी सेकंडहँड लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र, घेतला तो म्हैसूर किर्लोस्करचा. हा कारखाना १९४१ साली हरिहरला निघाला. "गेलेले किर्लोस्कर असे परत आले बघ," असं आजोबा लेथला तेल घालताना म्हणायचे. त्या काळी मोटार म्हणजे इनामदार, वकील, डॉक्टर नाहीतर पेढीवाले. पार्ट मुंबईहून यायचा तेव्हा यायचा. तोवर गाडी वाड्यात उभी. म्हणून मालक मोडका तुकडा फडक्यात गुंडाळून मेस्त्रीकडे यायचे, "अस्साच करून द्या."

त्यातलीच एक फोर्ड मॉडेल टी मध्यंतरी खानापूरकडच्या एका वाड्यातून आमच्याकडे आली. तिला पेट्रोलचा पंप नसतो. टाकीतलं पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरतं. टाकी रिकामी होत आली की उभ्या चढावर इंजिन बंद पडायचं, मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. कागदांची पिशवीही सोबत होती. ही गाडी कधी जिल्ह्याबाहेर राहिली नाही, तरी शिक्के मुंबईचे, म्हैसूरचे आणि कर्नाटकचे. १९५६ साली राज्य बदललं, १९७३ साली राज्याचं नाव, गाडी तिथेच.

तिचे मेन बेअरिंग, म्हणजे ज्यात क्रँक फिरतो ते, ब्लॉकमध्येच ओतलेले, व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचे. ते पुन्हा ओतायचे तर आधी ब्लॉक सावकाश तापवायचा. धातू तयार झाला का हे बघायला आमचे जुने मेस्त्री अजून खोक्याच्या लाकडाची पट्टी त्यात बुडवतात. करपली पण पेटली नाही, की ओतायचं, आणि एका दमात. हात थांबला तर आत सांधा राहतो. मग निळा रंग लावून क्रँक फिरवायचा, रंग उठेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं, परत फिरवायचा. या कामाला घाई चालत नाही. मालकही पैशाचं बोलले नाहीत. "मामा, आधी आवाज ऐकू दे," एवढंच.

आता माझी मुलगी धंद्यात आहे. संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र तिने आणलं. हरिहरचा लेथ काढायचा विषय तिनेही काढलेला नाही.

वायरिंग आणि कार्ब्युरेटरचं काम आम्ही घेत नाही. त्याचे मेस्त्री गावात वेगळे आहेत, विचारलंत तर सांगू. आणि एक विनंती, मे महिन्यात जुनं इंजिन आणू नका. तेव्हा पेरणीआधीचे ट्रॅक्टर रांगेत असतात.