अर्धा मार्क

दुपारी माळा आवरताना एक जुनी दोनशेपानी वही हाताला लागली. पुढून दादाचं आठवीचं बीजगणित. मागून उघडली की ‘चुका’, आणि त्याखाली दोन रकाने: त्याचे मार्क, माझे मार्क. आवरणं तिथेच राहिलं.

टिनटिन या बातमीदार पोराच्या चांद्रमोहिमेची ती दोन चित्रकथांची पुस्तकं आम्ही लायब्ररीतून पुन्हापुन्हा आणायचो, दिवसाला पन्नास पैसे भाडं. पुस्तकं इंग्रजीत. मला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दादा फुग्यांतले संवाद वाचायचा आणि मी फुग्यांमागचं सगळं: नळ, डायल, शिड्या, कुणाच्या हातात काय होतं. पुस्तकात चूक सापडली की एक मार्क, दहा मार्कांना एक लिमलेटची गोळी.

थॉमसन आणि थॉम्पसन, गोष्टीतले हुबेहूब सारखे दिसणारे दोन गुप्तहेर. एकाच्या मिशा खाली सरळ, दुसऱ्याच्या टोकांना फाकलेल्या. कुठल्या तरी चौकटीत त्यांची अदलाबदल होईल, या आशेवर मी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली. एकही मिशी हाती लागली नाही. पुढे कधीतरी कळलं की टिनटिनचा चित्रकार-लेखक एर्जे, त्याने गोष्टीतल्या त्या लाल-पांढऱ्या यानाची प्रतिकृतीच बनवून घेतली होती, भाग काढून आत डोकावता येईल अशी. शिडी कुठल्या बाजूला, दार कुठे, हे चित्रकार तिच्यावरून ताडून बघायचे. वाचून मला कौतुक वाटायला हवं होतं. राग आला. आमच्या गोळ्या बुडवल्या की त्याने!

वहीतल्या नोंदी आता वाचवत नाहीत. ‘कॅप्टनची व्हिस्की ग्लासातून निघते आणि गोळा होऊन तरंगते. चूक. १.’ आमच्याकडे सांडलेलं पाणी फरशीवरून थेट आजीच्या पाटाखाली जायचं, त्यामुळे आमची खात्रीच होती. विज्ञानाच्या सरांना दाखवलं, ते पोट धरून हसले, म्हणाले वजनच नसलं की पातळ पदार्थ असाच गोळा होऊन तरंगतो, आणि मार्क गेला. खरी चूक होती ती आम्हाला दिसलीच नाही. चंद्रावरचे डोंगर त्याने सुळक्यांसारखे टोकदार काढलेत. खरे डोंगर झिजलेले, गोलसर आहेत. पण सह्याद्री बघत वाढलेल्या पोरांना त्यात काय खटकणार? डोंगर म्हटला की असाच.

‘चंद्रावर गुहेत बर्फ!! २.’ ही दादाची नोंद, दोन उद्गारचिन्हांसकट, आणि दोन मार्क त्याने स्वतःच घेतलेले. पुस्तक 1954 चं. 2009 मध्ये चांद्रयान-1 वरच्या उपकरणाने चंद्रावर पाण्याचा माग काढल्याची बातमी आली, तेव्हा मी पहिला फोन दादाला केला होता. म्हटलं, दोन मार्क परत कर. तो म्हणाला, पाण्याचा माग म्हणजे बर्फ नव्हे. 2018 मध्ये त्याच यानाच्या नोंदींतून ध्रुवांजवळच्या कायमच्या सावलीत बर्फ असल्याचं जाहीर झालं. पुन्हा फोन. “अगं, एर्जेने यान उतरवलंय हिपार्कस विवरात. ते पार मधोमध. ध्रुव कुठे, हिपार्कस कुठे? अर्धा मार्क देतो.” पन्नाशीला आलेला माणूस!

वहीतली शेवटची नोंदही त्याचीच. यानातला इंजिनिअर वुल्फ, ज्याने आधी सगळ्यांचा घात केला तो, उरलेला प्राणवायू बाकीच्यांना पुरावा म्हणून चिठ्ठी ठेवून एकटाच यानाबाहेर पडतो. चिठ्ठीत म्हणतो, एखाद्या चमत्काराने मीही वाचेन कदाचित. पुढे दादाने लिहिलंय: ‘कसा वाचेल?’ मार्कांचा रकाना कोरा.

चमत्काराची ती ओळ एर्जेने मनाविरुद्ध घातली होती. आत्महत्या दाखवली म्हणून कॅथलिक मंडळी बोल लावतील, म्हणून. नंतर त्याला त्याचा पस्तावा झाला. वुल्फ वाचणार नाही आणि ते वुल्फला पक्कं ठाऊक आहे, असं त्याचंच म्हणणं होतं.

म्हणजे दादाला मार्क द्यायला हवा. माळ्यावर एक पेन सापडलं, पण ते वाळलेलं होतं.