नाव वाचू नये, ऐकावं

आयर्लंडमधल्या खेड्याचं नाव पाटीवर वाचून अर्थ लावायला गेलात की फसलात. क्लेअर परगण्यातलं बॅलीव्हॉन घ्या. वाटतं, कुणा व्हॉन आडनावाच्या माणसानं वसवलं असेल. पण व्हॉनचा इथे काही संबंध नाही. मूळ आयरिश नावाचा अर्थ ओ ब्याखॉन घराण्याची वस्ती. ‘बॅली’ म्हणजे वस्ती, ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. षष्ठीत हा ‘ओ’ बदलून ‘ई’ होतो आणि पुढचा ‘ब’ मऊ पडून ‘व’ होतो. कानावर पडलं ते इंग्रजीत उतरलं आणि घराण्याचं नाव त्यातच बुजलं.

‘किल’ तर त्याहून लबाड. किल्डेअरमधला ‘किल’ म्हणजे चर्च: ओकवृक्षाचं चर्च. पण रान या अर्थाचा ‘कोइल’सुद्धा इंग्रजीत कित्येकदा ‘किल’च होतो. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे व्याकरणही मदतीला येत नाही. पुढे संताचं नाव असेल, जवळ पडकं कब्रस्तान किंवा पवित्र विहीर असेल, तर कौल चर्चकडे. एवढ्यानं भागलं नाही, तर जुन्या माणसाच्या तोंडून नाव ऐकावं. 1830 च्या दशकात, मैलाला सहा इंच अशा प्रमाणाचे सरकारी नकाशे होत असताना, आयरिश भाषेचा अभ्यासक जॉन ओडोनोव्हन हेच करत हिंडला. मात्र नकाशावर छापलं गेलं ते इंग्रजी स्पेलिंग. आयरिश रूपं वह्यांत राहिली.

शेतांची नावं तर बहुतेक नकाशावर चढलीच नाहीत. त्यातली पुष्कळशी वाचली ती शाळकरी पोरांमुळे. 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून ती लिहून काढली. सोबत भुताखेतांच्या गोष्टीही आल्या.

त्यांत बॅनशी असतेच. मृत्यूआधी आक्रोश करणारी ही बाई ऐऱ्यागैऱ्यासाठी रडत नाही. ‘ओ’ आणि ‘मॅक’वाली जुनी घराणी तिची. (इंग्रजी अमदानीत कित्येकांच्या आडनावातला ‘ओ’ गळला, पण बॅनशीला वंशावळ पाठ.) ती केस विंचरत बसते, म्हणून वाटेत पडलेला कंगवा उचलायचा नाही. उचललाच, तर रात्री ती खिडकीशी येते. मग कंगवा हातानं द्यायचा नाही, चुलीतल्या चिमट्यात धरून बाहेर करायचा. चिमटा परत येतो तो पिळवटलेला.